टाकी मागे, इंजिन पुढे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

स्कूटर तिरकी करणारा माणूस आता रस्त्यात दिसत नाही. पूर्वी रोज दिसायचा. स्कूटर आचके देत बंद पडायची, तो खाली उतरायचा, ती एका अंगावर कलती करायचा, क्षणभर तशीच धरून ठेवायचा आणि पुन्हा किक मारायचा. टाकीच्या तळाशी राहिलेले दोन-चार घोट नळीच्या तोंडाशी यावेत म्हणून ही कसरत असे. टाकी वर, इंजिन खाली आणि मध्ये एक नळी, एवढाच सगळा कारभार होता. पाणी उताराला धावतं त्या न्यायानं पेट्रोल धावायचं, पंपाचं कामच नव्हतं.

मोटारीचं तसं नाही. मोटारीत टाकी मागे आणि खाली, इंजिन पुढे आणि वर. इंधन उचलून न्यावं लागतं. ते कसं न्यायचं, या एका प्रश्नावर माणसानं शंभर वर्षं डोकं चालवलं. त्या शंभर वर्षांची गोष्ट आज सांगायची आहे.

मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए.ला मराठी घेतलेला. पंपावर बोलायचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारेल. अधिकार एवढाच, की माझे मामू कणकवलीत मेस्त्री होते. हायवेला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि शाळा सुटली की माझं दप्तर तिथल्या टायरांच्या ढिगावर पडायचं. दुसरंही एक कारण आहे. ते ओघात येईल.

सुरुवातीच्या मोटारींमध्येही स्कूटरचाच न्याय होता. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षं निघाली. हिची टाकी पुढच्या सीटखाली असे, तिथून पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनाकडे उतरायचं. सपाटीवर ठीक. चढ लागला की गाडीचं नाक वर जायचं आणि टाकी अर्धीमुर्धी असेल तर इंजिनच टाकीच्या वर! पेट्रोल जायचं कसं? मग लोक गाडी वळवायचे आणि डोंगर उलटे, रिव्हर्समध्ये चढायचे. ही दंतकथा वाटते, पण खरी आहे. तिचा रिव्हर्स गिअर चढाला जास्त ताकदीचा होता, हा वरचा फायदा.

पुढे टाकी मागे नेली. माणसं बसतात तिथून पेट्रोल दूर असलेलं बरं आणि गाड्याही बुटक्या होऊ लागल्या होत्या. आता उचलायचं कसं? पहिला तोडगा मोठा गमतीचा होता. इंजिन हवा आत ओढतं. त्या ओढीचाच उपयोग करून बॉनेटखालच्या एका छोट्या टाकीत मागचं पेट्रोल खेचून घ्यायचं आणि तिथून ते कार्बोरेटरमध्ये आपोआप उतरू द्यायचं. इंग्लंडात याला ऑटोव्हॅक म्हणत. अमेरिकेत स्टुअर्ट-वॉर्नर कंपनीची अशी टाकी घरोघर पोचली होती. यात एकच खोट होती. लांब चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाची ही ओढ कमी होते. म्हणजे पेट्रोल जास्त लागतं नेमकं तेव्हाच ते मिळत नाही. छोटी टाकी रिकामी व्हायची. जाणता ड्रायव्हर मग चढावरच क्षणभर पाय उचलायचा, इंजिनाला श्वास घेऊ द्यायचा आणि टाकी भरली की पुन्हा दाबायचा.

आमच्याकडे एसटी येण्यापूर्वी खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावत. आमच्या घरातली म्हातारी माणसं त्यांच्या गोष्टी सांगायची. गाडी घाटात मध्येच दम खाते म्हणून ते हसायचे. तो दम खाणं नव्हतं, पेट्रोल भरून घेणं होतं, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. तेवढ्या काळापुरता हा प्रश्नच मिटला होता म्हणा.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस यांत्रिक पंप आला आणि तो पुढे पन्नास-साठ वर्षं टिकला. तळहाताएवढी वस्तू. आत रबरी कापडाचा एक पडदा, त्याला डायफ्राम म्हणतात. इंजिन फिरलं की त्यातला एक उंचवटा पंपाच्या दांड्याला ढोसतो, पडदा खाली जातो, पेट्रोल आत येतं. स्प्रिंग पडदा वर ढकलते, पेट्रोल पुढे जातं. दोन झडपा, एक स्प्रिंग, एक पडदा. जनरल मोटर्सनं १९२८मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या अमेरिकेतल्या ए.सी. कंपनीचे असले पंप जगभर बसू लागले होते. पुढे जीप आली, तिच्यातही हाच. जीपच्या पंपाला हातानं हलवायची एक कडीसुद्धा असे. इंजिन फिरण्याआधी हातानं चार झटके द्या, पेट्रोल वर येतं.

जीपचं नाव निघालं म्हणून सांगतो. ती आपल्याकडे जोडणारी कंपनी १९४५मध्ये मुंबईत निघाली, तेव्हा तिचं नाव महिंद्र अँड मोहम्मद होतं. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि नंतर गव्हर्नर जनरल. १९४८मध्ये कंपनीचं नाव बदललं. दोन्ही नावांची आद्याक्षरं तीच राहिली. मामू हे नेहमी सांगायचे आणि सांगताना हसायचे.

मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, तिलाही इंजिनाच्या कुशीत बसवलेला हाच यांत्रिक पंप होता. पद्मिनीचं उत्पादन थांबून पाव शतक होत आलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. पण माझ्या पिढीनं मोटार म्हणून जी ओळखली ती ही. स्वस्त, साधी, रस्त्याच्या कडेला बसून खोलता येणारी. पंपाचा पडदा फाटला तर मामू अर्ध्या तासात नवा घालायचे.

या पंपाचं दुखणं मात्र त्याच्या जागेतच होतं. ते समजायला आपल्याकडची विहीर घ्या. काठावर मोटार ठेवली, तर ती पाणी ओढते. ओढून पाणी किती वर येईल याला निसर्गानं मर्यादा घातली आहे. पोकळी पूर्ण केली तरी दहा मीटर, व्यवहारात सहा-सात. फूटवॉल्व्ह थोडा गळला की मोटार नुसतीच हवा खात घरघरते आणि आपण वरून तांब्यानं पाणी ओतत बसतो. तेच पंप पाण्यात सोडला, बोअरमधल्या सबमर्सिबलसारखा, तर तो पाणी ढकलतो. ढकलायला अशी मर्यादा नाही. मोटारीतला यांत्रिक पंप हा काठावरचा पंप आहे. टाकी पार मागे, हा पार पुढे आणि मधली आठ-दहा फूट नळी तो ओढत असतो.

त्यात पेट्रोल हे पाण्यापेक्षा फार हलक्या काळजाचं. चाळीस अंशांच्या आसपासच त्यातला हलका भाग वाफ होऊ लागतो. ओढीनं दाब कमी झाला तर आणखी लवकर. पंप तापलेल्या इंजिनाला चिकटलेला. दुपारचं ऊन, घाट, पहिला-दुसरा गिअर, वारा नाही. नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप मारत राहतो, पण वाफ दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. टाकी भरलेली आणि कार्बोरेटर कोरडा. इंग्रजीत याला व्हेपर लॉक म्हणतात. आमचे ड्रायव्हर म्हणायचे, ‘पंप तापलो.’

आता ते दुसरं कारण.

१९८३चा मे महिना. मी बारा वर्षांचा होतो. सिंधुदुर्ग जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती, कोकण रेल्वे पंधरा वर्षं दूर होती आणि मोठं दुखणं म्हणजे कोल्हापूर, हे समीकरण होतं. माझी अम्मी पहाटेपासून अडली होती. गावातल्या डॉक्टरांनी दहाच्या सुमाराला सांगितलं, इथं थांबू नका. अब्बांनी भाड्याची मोटार केली. मागे अम्मी आणि मामी, पुढे ड्रायव्हर, अब्बा आणि त्यांच्या मांडीला टेकून मी. घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं.

फोंडाघाट चढायला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिसऱ्या-चौथ्या वळणावर इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. ड्रायव्हर उतरला, बॉनेट उघडलं, पंपाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. म्हणाला, “भाईनू, थोडा पाणी आसा काय? ओलो फडको घातल्याशिवाय काय खरा नाय.” मे महिन्यात घाटातले झरे आटलेले असतात. पाणी एकच होतं, अम्मीसाठी घेतलेला फिरकीचा तांब्या. अब्बा तांब्या हातात धरून उभे राहिले. अम्मीनं आतून पाहिलं आणि ती म्हणाली, “द्या.” एवढंच.

फडका पिळून पंपावर घातला. दहा मिनिटं थांबलो, गाडी सुरू झाली. तीन वळणं गेलो, पुन्हा तेच. पुन्हा फडका. तिसऱ्या वेळी पाणी संपलं आणि वरून उतरणाऱ्या एका ट्रकवाल्यानं आपल्या डब्यातलं दिलं. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत सव्वा तास गेला होता. पुढे दाजीपूरच्या जंगलातला गारवा लागला आणि गाडी मुकाट चालली.

कोल्हापुरात रात्री बाळ झालं. मुलगी. ती रडली नाही. अम्मी वाचली. उशिरामुळे असं झालं, असं कुणी म्हणालं नाही. उशिरामुळे नाही, असंही कुणी म्हणालं नाही. अब्बांनी तो विषय मरेपर्यंत काढला नाही.

मामूंनी मात्र काढला, आपल्या पद्धतीनं. पावसाळ्याआधीच त्यांनी त्या मोटारीच्या मालकाला गाठलं आणि विजेवरचा पंप बसवून घे म्हणून मागे लागले. मालक तयार व्हायला दिवाळी उजाडली. मामूंनी कोल्हापुरातून चौकोनी डबीसारखा पंप आणला, तो पुढे न बसवता मागे, टाकीजवळ बसवला, वायर ओढली, मध्ये फ्यूज घातला. जुना पंप काढून त्या भोकावर पत्र्याची चकती ठोकली. विहिरीचा दाखला त्यांनी मला दिला तो त्याच दिवशी. पंप मागे गेला की नळीभर पेट्रोल दाबाखाली राहतं, दाबाखाली वाफ सहजी धरत नाही आणि पंपही इंजिनाच्या आचेपासून लांब.

विजेचा पंप काही तेव्हा नवा नव्हता. इंग्लंडातल्या स्किनर बंधूंची एस.यू. कंपनी कार्बोरेटरसाठी प्रसिद्ध होती. १९२६मध्ये ती मॉरिसच्या मालकाकडे गेली आणि तिशीच्या दशकापासून तिचे विजेवरचे पंप इंग्रजी गाड्यांत बसू लागले. आमच्या गावात एका डॉक्टरांकडे जुनी मॉरिस मायनर होती, तिच्यात मी तो पाहिला आणि त्याहून जास्त ऐकला. किल्ली फिरवली की बॉनेटखालून टिकटिकटिकटिक असा आवाज यायचा, मग टिक... टिक... आणि शांत. शांत झाला म्हणजे कार्बोरेटर भरला, आता स्टार्टर ओढा.

त्याच्या आतली रचना सुंदर आहे, हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. तारेच्या गुंडाळ्यात वीज गेली की तो लोहचुंबक होतो आणि पडद्याला जोडलेला लोखंडी तुकडा ओढून घेतो. पेट्रोल आत येतं. ओढ पूर्ण झाली की एक खटका उडतो, पॉइंट उघडतात, वीज तुटते. मग स्प्रिंग पडद्याला परत ढकलते आणि पेट्रोल पुढे जातं. परत येताना पॉइंट पुन्हा जुळतात. प्रत्येक फेरीला एक टिक. तो लोखंडी तुकडा मधोमध राहावा म्हणून भोवती अकरा छोटे पितळी रोलर असतात. पंप खोलताना ते निसटून मातीत पडायचे आणि शोधायचं काम माझं. अकरा मोजून दिल्याशिवाय सुटका नसे.

मामू या पंपाची तब्येत कानानं ओळखत. इंजिन बंद असतानाही टिकटिक थांबतच नाही आणि वेग घाईचा आहे, म्हणजे टाकी रिकामी किंवा नळी कुठंतरी हवा घेते. संथ, पण थांबत नाही, म्हणजे कार्बोरेटरची सुई बसत नाही, पेट्रोल वाहून चाललं आहे. मुळीच आवाज नाही, म्हणजे पॉइंट जळले किंवा चिकटले. शेवटच्या दुखण्यावर औषध जगभर एकच होतं. पान्याच्या मुठीनं पंपाला एक हलकी टपली. बहुतेक वेळा तो पुन्हा बोलू लागायचा.

मग विजेचा पंप इतका चांगला, तर सगळ्यांनी तोच का नाही घेतला? पैसा, हे पहिलं उत्तर. दुसरं असं, की यांत्रिक पंपाला वायर नाही, पॉइंट नाही, बॅटरी पडली तरी ढकलून गाडी सुरू होते. इंजिन थांबलं की तोही थांबतो, म्हणजे अपघातात पेट्रोल सांडत राहण्याची भीती कमी. विजेचा पंप किल्ली चालू असेपर्यंत मारतच राहतो, नळी तुटलेली असली तरी. कार्बोरेटरला दर चौरस इंचाला दीड ते चार पौंडांचा दाब पुरतो. जोरकस पंप आणून बसवला तर कार्बोरेटर ओसंडून वाहतो. तेव्हा वरवर बसवणाऱ्यांनी त्या काळी बरेच घोटाळे केले. पण घाटात राहणाऱ्या माणसानं मला विचारलं, तर माझं मत ठरलेलं आहे. ते १९८३मध्येच ठरलं.

डिझेलचं दुखणं वेगळं. डिझेल एवढ्या उष्णतेनं वाफ होत नाही, पण त्याला हवा चालत नाही. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलताना हवा शिरली की इंजिन फिरतं, पेटत नाही. पुण्याहून नगरला एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी सुटली. त्यानंतर डिझेलच्या गाड्या गावोगाव पोचल्या आणि त्यांच्याबरोबर ‘एअर काढणं’ हा शब्दप्रयोगही. मोठ्या पंपाच्या अंगाला एक छोटा उचलपंप असतो, त्याच्या डोक्यावर हातानं दाबायची मूठ. फिल्टरचा स्क्रू सैल करायचा आणि मूठ दाबत राहायची. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. धार आली की स्क्रू आवळायचा. डिझेलचे हे सारे पंप आपल्याकडे बनवणारी मायको कंपनी बंगळूरला १९५१मध्ये सुरू झाली. नंतर तिचा एक कारखाना नाशिकलाही आला. आता पुष्कळ डिझेल गाड्यांत हे उचलण्याचं काम विजेचा पंप करतो. किल्ली फिरवली की तोच हवा बाहेर काढतो. पुढचा दाब हजारो पौंडांचा असला तरी त्या राक्षसाच्या तोंडाशी घास नेणारा हाच.

पेट्रोल गाड्यांत विजेच्या पंपाला खरी सत्ता मिळाली ती धुरामुळे. फोक्सवॅगननं १९६७मध्ये विजेवर नियंत्रित होणारं बॉशचं इंजेक्शन गाडीत आणलं, कॅलिफोर्नियातल्या धुराच्या नियमांच्या धाकानं. आपल्याकडे २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरासाठी युरो मानकांची मुदत घालून दिली आणि मग दोन-चार वर्षांत मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला. इंजेक्शनला चाळीस-पंचेचाळीस पौंडांचा दाब लागतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीसेक पौंड हवा भरतो, म्हणजे बघा. पडद्याचा पंप इथं कुठला पुरणार? मग पंप टाकीच्या आतच सोडला, थेट पेट्रोलात. सबमर्सिबल! ऐकून धडकी भरते, पण आत जळायला पुरेशी हवा नसते आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. इंजिन फिरत नसेल तर संगणक दोन-एक सेकंदांत पंप तोडतो, त्यामुळे अपघाताची ती जुनी भीतीही गेली. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं आणि मोटारसायकली-स्कूटरींच्या टाकीतही पंप आले. स्कूटर तिरकी करणारा माणूस नाहीसा झाला तो असा.

या बदलात मामूंचा धंदा गेला, हे सांगायला हवं. आतला पंप बिघडला तर खोलत नाहीत, अख्खा बदलतात. कान लावून काही कळत नाही, मागच्या सीटखाली नुसतं घुंईं होतं. २०१०च्या सुमाराला त्यांनी गॅरेज बंद केलं. तेव्हा मी एक कविता लिहिली होती, त्या टिकटिकीवर. हरवलेल्या आवाजाबद्दल वगैरे. मोठ्या उत्साहानं त्यांना वाचून दाखवली. ते ऐकत होते. मग म्हणाले, “तेच्यात कसला काव्य रे? ती टिकटिक बंद पडली की माणूस रस्त्यार.” थोड्या वेळानं म्हणाले, “ह्यो पंप तेव्हा असतो तर...” आणि उठून आत गेले. ती कविता मी कुठल्याच संग्रहात घेतली नाही.

गेल्या मे महिन्यात मामूंना घेऊन कोल्हापूरला गेलो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. दुपारची वेळ, तसंच ऊन. फोंडाघाटातली ती वळणं मला आजही ओळखता येतात. ती आली आणि गेली, गाडीचा आवाजसुद्धा बदलला नाही. मी मामूंकडे पाहिलं. ते बाहेर बघत नव्हते, माझ्या समोरच्या काट्याकडे बघत होते.

“पाव टाकीच्या खाली जावक देव नको,” ते म्हणाले. “आतलो पंप पेट्रोलातच थंड रवता.”

घाट चढून गेल्यावर पहिला पेट्रोल पंप दिसला तिथं मी गाडी आत घेतली.